वेबवरील सादरीकरण कागदावर उतरविताना

संगणकाच्या पडद्यावर जे सुरेख, सजीव आणि क्रमबद्ध दिसते, तेच कागदावर मागितले असता हाती अर्धवट कापलेले चित्र, कोरा बंद किंवा एकाच स्लाइडची एकुलती एक प्रत येते, हा अनुभव आता महाविद्यालयांतील अध्यापकांपासून वकिलांच्या कारकुनांपर्यंत सर्वांस परिचित झाला आहे. पूर्वी सादरीकरण ही एक फाइल असे. ती पेन ड्राइव्हवर घालून दुकानात नेली की काम होई. आता सादरीकरण हा वेबवरील एक पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो, आणि कंट्रोल व पी या कळा एकत्र दाबल्यावर जे छापून येते त्याचा पडद्यावर दिसलेल्या मांडणीशी काही संबंध असेलच अशी शाश्वती नसते. या अडचणीतून वाट काढण्याच्या ज्या तजविजी उपलब्ध आहेत, त्यांचा तपशील येथे देण्याचा विचार आहे.

आमच्या ग्वाल्हेरच्या पडाव भागात, जेथे एका अंगास रेल्वेस्थानक आणि दुसऱ्या अंगास फुलबाग व झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, अशा छपाईसाठी येणारे लोक नाना प्रकारचे असतात. कोणास गाडी पकडण्यापूर्वी मुलाखतीचे कागद हवे असतात, कोणी जिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी आपला प्रबंधविषयक आराखडा मार्गदर्शकांपुढे ठेवण्यासाठी आलेला असतो, तर कोणास पडावावरील तानसेन कलावीथिकेत होणाऱ्या प्रदर्शनासाठी मोठ्या आकाराचे तक्ते हवे असतात. यांखेरीज आणखी एक वर्ग आहे आणि माझी खरी कळकळ त्याच्यासाठी आहे. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांतील तरुण मंडळी ग्वाल्हेर घराण्याची गायकी, जुने दस्तऐवज, कुलवृत्तांत अशा विषयांवर मोठ्या आस्थेने वेबवर सादरीकरणे रचतात, परंतु ज्या वडीलधाऱ्यांनी ती तपासावयाची, ज्यांच्या एका दुरुस्तीने संपूर्ण मजकुराचे मोल वाढावयाचे, त्यांचा डोळा पडद्यावर ठरत नाही. त्यांस कागद हवा असतो, आणि समासात पेन्सिलीने लिहिण्यास जागा हवी असते. ती प्रत शुद्ध नसेल तर दुरुस्तीही अशुद्धावर होते.

उपायांकडे वळण्यापूर्वी दोषाचे मूळ कारण समजून घेणे इष्ट आहे, कारण ते एकदा ध्यानी आले म्हणजे कोणत्या प्रसंगी कोणता मार्ग घ्यावा हे फारसे सांगावे लागत नाही. वेबच्या पानाला कागदासारखी निश्चित लांबी-रुंदी नसते; ते पडद्याच्या आकारानुसार आपला आकार बदलते. सादरीकरणात तर सर्व स्लाइड एकाच पानात एकावर एक रचलेल्या असतात आणि एका वेळी एकच दृश्य ठेवून बाकीच्या झाकलेल्या असतात, त्यामुळे ब्राउझरला छापण्याची आज्ञा दिली असता तो त्या क्षणी दिसणारी एकच स्लाइड छापतो. पृष्ठाची मांडणी ठरविणाऱ्या सीएसएस या भाषेच्या 1998 मधील दुसऱ्या आवृत्तीतच छपाईसाठी एक आणि भिंतीवरील प्रक्षेपणासाठी दुसरी, अशा स्वतंत्र मांडण्यांची तरतूद केली गेली होती, आणि 2004 मध्ये एरिक मेयर यांनी प्रसृत केलेल्या एस-फाइव्ह या सादरीकरण-साधनात छपाईची वेगळी मांडणी सोबतच दिलेली होती. म्हणजे अडचण तंत्राच्या असमर्थतेची नाही. सादरीकरण रचणाऱ्याने कागदाचा विचार केला होता की नाही, यावर सर्व अवलंबून असते.

यावरून जो एक नियम निष्पन्न होतो तो मी सर्व नियमांच्या वर ठेवतो: वेबवरून थेट छापखान्याच्या यंत्राकडे कधीही जाऊ नये, मध्ये पीडीएफचा मुक्काम अवश्य करावा. 1993 मध्ये अडोबी कंपनीने प्रचारात आणलेले आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले हे स्वरूप याच हेतूने निर्माण झाले की अक्षरे, चित्रे आणि त्यांची स्थाने एकदा मुक्रर झाल्यावर ती कोणत्याही यंत्रावर ढळू नयेत. पीडीएफ आपल्या स्वतःच्या संगणकावर तयार करावी, ती आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांखालून घालावी, आणि दुकानदाराच्या स्वाधीन केवळ तीच करावी. पुढे जे मार्ग सांगितले आहेत ते सारे या पीडीएफपर्यंत पोहोचण्याचेच निरनिराळे मार्ग आहेत.

प्रथम सादरीकरण कोणत्या साधनात रचले आहे हे ओळखावे. पत्त्यात गूगल डॉक्सचे नाव असेल तर ते गूगल स्लाइड्सचे समजावे, आणि तेथे काम सर्वांत सोपे आहे. कारण फाइल या सूचीतील छपाईच्या पूर्वदर्शनात गेल्यावर एका कागदावर एक स्लाइड टिपांसह अथवा टिपांविना, किंवा एका कागदावर दोन, तीन, चार, सहा अथवा नऊ स्लाइड, असे पर्याय मिळतात, पार्श्वभूमी लपविण्याची मुभा असते, आणि वगळलेल्या स्लाइड छापाव्यात की नाही हेही ठरविता येते. तेथूनच पीडीएफ उतरवून घ्यावी. दुसऱ्याने पाठविलेल्या दुव्यावर ही सूची दिसत नसेल, तर पत्त्याच्या शेवटी, सादरीकरणाच्या लांबलचक ओळखचिन्हानंतर, रोमन लिपीत ‘एडिट’ हा शब्द आणि त्यापुढे जे काही असेल ते काढून त्या जागी ‘एक्स्पोर्ट’, तिरपी रेघ आणि ‘पीडीएफ’ असे लिहावे. कर्त्याने उतरवून घेण्यास मनाई केलेली नसल्यास पीडीएफ तत्काळ हाती येते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरपॉइंटच्या वेबवरील आवृत्तीतही फाइल आणि प्रिंट या मार्गाने पीडीएफ मिळते. कॅनव्हामध्ये शेअर या कळीखाली डाउनलोडचा पर्याय असतो व तेथे पीडीएफचे दोन प्रकार दिसतात. त्यांपैकी छपाईसाठी म्हणून दिलेला प्रकार घ्यावा, कारण दुसऱ्यात चित्रांची सूक्ष्मता कमी केलेली असते.

खरी परीक्षा होते ती जी सादरीकरणे प्रोग्रामर मंडळी स्वतः संकेत लिहून रचतात त्यांची. यांत रिव्हील जेएस हे साधन विशेष प्रचलित आहे. हाकिम एल हत्ताब यांनी ते 2011 मध्ये प्रसिद्ध केले, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या ज्युपिटर नोटबुकमधून जी सादरीकरणे निघतात तीही याच पद्धतीची असतात. उजव्या कोपऱ्यात खाली बाण दिसत असतील, एस्केपची कळ दाबल्यावर सर्व स्लाइड लहान होऊन एकत्र दिसत असतील, आणि पत्त्याच्या अखेरीस हॅशचे चिन्ह व आकडे असतील, तर ते रिव्हीलचेच असे बहुधा समजावे. या साधनाला छपाईची स्वतंत्र अवस्था आहे, परंतु ती कोणत्याही सूचीत दिसत नसल्याने पुष्कळांस तिची वार्ताच नसते. पत्त्यातील हॅशच्या चिन्हापूर्वी प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढे रोमन लहान अक्षरांत ‘प्रिंट’, जोडरेघ आणि ‘पीडीएफ’ असे लिहावे व पान पुन्हा उघडावे. अलीकडच्या आवृत्त्यांत याच जागी ‘व्ह्यू’, बरोबरचे चिन्ह आणि ‘प्रिंट’ असे लिहिण्याची रीत आली आहे. असे करताच सर्व स्लाइड एकाखाली एक मांडलेल्या दिसू लागतात. हे काम क्रोममध्ये अथवा त्याच्याच गाभ्यावर उभारलेल्या ब्राउझरमध्ये करावे. मग छपाईची आज्ञा देऊन गंतव्य म्हणून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडावे, मांडणी आडवी ठेवावी, समास शून्य करावेत, आणि ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ या चौकोनात खूण करावी. ही शेवटची खूण विसरण्याचे दुष्परिणाम किती दूरवर जातात हे पुढे सांगणार आहे.

रिव्हीलच्या सादरीकरणात आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली अशी की त्यात स्लाइड केवळ डावीकडून उजवीकडे नसतात, काहींच्या खालीही स्लाइड असतात, आणि केवळ उजवा बाण दाबत गेलेल्या वाचकाने त्या कधी पाहिलेल्याच नसतात. म्हणून पीडीएफमधील पृष्ठसंख्या अपेक्षेहून अधिक भरली तर ती चूक समजू नये. दुसरी गोष्ट खर्चाशी निगडित आहे. एकेक मुद्दा क्रमाने प्रकट होत जाणारी स्लाइड असेल, तर मूळ नेमणुकीप्रमाणे प्रत्येक टप्पा निराळ्या पृष्ठावर छापला जातो, आणि पाच मुद्द्यांच्या एका स्लाइडची सहा पृष्ठे होतात. सादरीकरण आपले स्वतःचे असेल तर त्याच्या मांडणीत हे टप्पे वेगळे न छापण्याची सूचना देता येते. परक्याचे असेल तर पीडीएफ चाळून प्रत्येक गटातील अखेरचे, म्हणजे परिपूर्ण, पृष्ठ कोणते ते टिपून घ्यावे आणि छापताना पृष्ठांच्या रकान्यात तेवढेच आकडे स्वल्पविरामांनी वेगळे करून लिहावेत.

काही सादरीकरणे एका अमर्याद पटावर पसरलेली असतात आणि दृष्टी त्या पटावरून झेप घेत, फिरत, जवळ-दूर होत जाते; प्रेझी आणि इम्प्रेस जेएस ही त्या पद्धतीची उदाहरणे होत. यांच्या बाबतीत ब्राउझरच्या छपाईवर विसंबण्यात अर्थ नाही. कर्त्याच्या खात्यात पीडीएफ काढण्याची सोय असेल तर ती कर्त्याकडूनच मागून घ्यावी. ज्यांस संगणकाच्या आज्ञापटलाचे भय नाही अशांसाठी डेकटेप नावाचे एक मुक्त साधन आहे. ते पडद्याआड क्रोम चालवून सादरीकरण एकेक पाऊल पुढे नेते आणि प्रत्येक पावलाचे एक पृष्ठ करून सलग पीडीएफ तयार करते. रिव्हील, इम्प्रेस आणि अशाच इतर अनेक पद्धती त्यास अवगत आहेत. घरात अथवा वर्गात एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर हे काम त्याजकडे सोपवावे.

जेथे यांपैकी काहीच चालत नाही तेथे अखेरचा उपाय प्रत्येक स्लाइडचे पडदाचित्र घेण्याचा. त्यास मी अखेरचा म्हणतो तो त्यात श्रम फार म्हणून नव्हे, तर त्यात अक्षरांचे चित्र होते आणि चित्राची सूक्ष्मता पडद्याच्या सूक्ष्मतेपुढे जाऊ शकत नाही म्हणून. याचे गणित सोपे आहे. आडव्या ए-फोर कागदाची रुंदी 297 मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेबारा इंच. 1366 बिंदू रुंदीच्या साध्या लॅपटॉपवरील चित्र त्यावर पसरले तर दर इंचास जेमतेम 117 बिंदू येतात आणि देवनागरीतील मात्रा-वेलांट्यांच्या कडा पुसट होतात. 1920 बिंदूंच्या पडद्यावरून घेतलेले चित्र 164 पर्यंत जाते व वाचता येते. आणि तेच चित्र उभ्या कागदावर दोन-दोन करून साडेसात इंच रुंदीत बसविले तर 256 पर्यंत पोहोचून स्वच्छ दिसते. म्हणून पडदाचित्रे नेहमी पूर्ण पडदा व्यापून, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर घ्यावीत आणि कागदावर लहान करूनच छापावीत. ती एकत्र गुंफण्यासाठी लिब्रेऑफिस इम्प्रेसमधील छायाचित्र-संग्रहाची सोय पुरेशी आहे. त्यातून पीडीएफ सहज निघते. एक सावधगिरी मात्र घ्यावी: पुष्कळ पाने चित्रे आधी न आणता ती जवळ आल्यावरच आणतात, तेव्हा कोणत्याही मार्गाने छापण्यापूर्वी सादरीकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सावकाश फिरवून घ्यावे, नाहीतर चित्रांच्या जागी करड्या चौकटी छापून येतात.

या सर्व युक्त्या सांगताना एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कर्त्याने उतरवून घेण्यास बुद्ध्या मनाई केली असेल तर ती त्याची हरकत समजावी आणि युक्तीने ती ओलांडण्यापेक्षा दोन ओळींचे पत्र लिहून प्रत मागावी. अध्यापक व संशोधक अशी प्रत बहुधा आनंदाने देतात, आणि मागून मिळालेली प्रत काढून घेतलेल्या प्रतीहून नेहमीच चांगली असते, कारण तिच्यात त्यांच्या टिपाही असतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे प्रकर्षाने वाटले तिच्याकडे येतो. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या सादरीकरणांत संगीताचा विषय वारंवार येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. ज्या शहरात कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले, आणि जेथे 1918 मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेथील घरांत बंदिशींच्या वह्या असणारच. या बंदिशी भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत लिहिल्या जातात. तिच्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोर असते. वेबवर ही चिन्हे अक्षरांचा भाग म्हणून क्वचितच लिहिलेली असतात. पुष्कळदा ती अक्षरामागील पार्श्वचित्र म्हणून रेखाटलेली असतात, आणि शाईची बचत व्हावी म्हणून ब्राउझर स्वभावतःच पार्श्वभूमी छापत नाहीत. परिणाम असा होतो की अक्षरे उमटतात आणि रेघा गळतात. काफी थाटात गांधार व निषाद कोमल असतात. त्या दोहोंखालील रेघा गळाल्या म्हणजे कागदावर सातही स्वर शुद्ध दिसतात आणि काफीचा बिलावल होतो. पान कोठेही बिघडलेले दिसत नाही, अक्षर सुबक असते, आणि म्हणूनच हा दोष भयंकर आहे. तो यंत्राला कळत नाही, दुकानदारास कळण्याचे कारण नाही, आणि नवशिक्या विद्यार्थ्यास तर तो शुद्ध पाठच वाटेल.

यास्तव स्वरलिपी असलेले सादरीकरण छापताना ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची खूण हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही, ती पाठशुद्धीची अट होते. पीडीएफ तयार झाल्यावर एका कोमल स्वराची, एका तीव्र मध्यमाची, एका मंद्र व एका तार स्वराची पडद्यावरील मूळ प्रतीशी रुजवात घ्यावी. ही चार स्थळे जुळली तर बाकीची बहुधा जुळतात. जे स्वतः असे सादरीकरण रचतात त्यांना माझी आग्रहाची सूचना अशी की या रेघा पार्श्वभूमीने काढू नयेत. अक्षरांना अधोरेखा देण्याची जी सरळ सोय आहे ती वापरावी, अथवा संपूर्ण स्वरपंक्तीचे एक स्वच्छ चित्र करून ते स्लाइडमध्ये घालावे. अशी चित्रे पार्श्वभूमीच्या खुणेवाचूनही छापली जातात.

लिपीचा दुसरा प्रश्न मराठीचाच, आणि मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्यांस तो अधिक जाचतो. येथील दुकानांतील संगणकांवर हिंदीसाठी मंगल असतो, टंकलेखनासाठी अद्याप कृतिदेव रूढ आहे, आणि आपण मूळ पॉवरपॉइंटची फाइल नेली तर आपण निवडलेला टाइप तेथे नसल्याने संगणक त्याच्या जागी दुसरा बसवितो. ओळी लांबतात, शब्द चौकटीबाहेर जातात, ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतील अर्धा र भलत्याच रूपात प्रकटतो, आणि ‘ॲ’ या अक्षराच्या जागी, ते युनिकोडमध्ये 2008 साली आले असल्याने, जुन्या टाइपात रिकामा चौकोन दिसतो. मराठी वळणाचे ल आणि श देखील हिंदी वळणाचे होतात. त्याने अर्थ बदलत नाही हे खरे, तथापि ज्या वडीलधाऱ्यांनी बालपणी पाटीवर मराठी वळण गिरविले त्यांच्या डोळ्यांना ते खुपते, आणि त्यांचा आदर राखण्याचा हा अगदी लहान मार्ग आपण का सोडावा? पीडीएफमध्ये टाइप आत बांधलेला असतो, म्हणून हे सर्व टळते. वेबवर सादरीकरण रचताना पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतात नमूद करावे व नोटोसारखा टाइप निवडावा, म्हणजे ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येतात.

काळ्या अथवा गडद निळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे सभागृहात शोभतात, परंतु कागदावर त्यांचा निकाल दोन्हींकडून वाईट लागतो: पार्श्वभूमी छापावी तर टोनर भरमसाट जातो व कागद वळतो, आणि न छापावी तर पांढरी अक्षरे निराधार होऊन फिकट करडी उमटतात. सादरीकरण आपले असेल तर त्याची एक नक्कल काढून तिला पांढऱ्या पार्श्वभूमीची थीम लावावी, आणि छपाई त्या नकलेवरून करावी. अस्सल प्रतीस हात लावू नये.

कागदाच्या आकाराविषयी सहसा कोणी विचार करीत नाही, परंतु तेथे थोडी बुद्धी खर्च केली तर पुष्कळ जागा वाचते. आजची बहुतेक सादरीकरणे 16 आणि 9 या प्रमाणात असतात. आडव्या ए-फोरवर अशी स्लाइड पूर्ण रुंदीने बसविली तर तिची उंची 167 मिलिमीटर होते आणि 210 पैकी 43 मिलिमीटर कागद वाया जातो. याउलट लीगल कागद 356 मिलिमीटर लांब व 216 रुंद असतो. त्यावर तीच स्लाइड 200 मिलिमीटर उंचीची होऊन जवळजवळ संपूर्ण कागद व्यापते. ग्वाल्हेरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने लीगल कागद येथे हुडकावा लागत नाही. भिंतीवर लावावयाची अथवा सभेत फिरवावयाची प्रत यावरच काढावी. रिव्हीलच्या मूळ नेमणुकीत मात्र स्लाइड 960 आणि 700 या प्रमाणात असते आणि ती ए-फोरवरच नीट बसते, तेव्हा तेथे हा खर्च करण्याचे कारण नाही. मोठा तक्ता हवा असेल तर अडोबी रीडरच्या छपाईच्या खिडकीतील पोस्टरचा पर्याय एकाच पृष्ठाचे अनेक कागदांवर विभाजन करतो. ते कागद मागून चिकटविले म्हणजे प्रदर्शनायोग्य तक्ता होतो.

वाचण्यासाठी जी प्रत काढावयाची तिचा विचार निराळा. कागद वाचविण्याच्या हेतूने एका पृष्ठावर सहा स्लाइड छापण्याची चाल फार पसरली आहे, आणि मला ती अहितकारक वाटते. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड 13.33 इंचांची असते. तिच्यावर 24 पॉइंटांनी लिहिलेला मजकूर सहाच्या मांडणीत साडेतीन इंच रुंदीत दबला म्हणजे साधारण सहा पॉइंटांचा होतो, आणि वर-खाली मात्रा घेऊन चालणाऱ्या देवनागरीस तो आकार मुळीच सोसत नाही. दोनच्या मांडणीत तोच मजकूर साडेबारा पॉइंटांच्या आसपास राहतो. वडीलधाऱ्यांसाठी दोनच छापाव्यात. त्याहूनही उत्तम, अर्ध्या पृष्ठावर स्लाइड आणि उरलेल्या अर्ध्यावर सादरकर्त्याच्या टिपा, अशी प्रत काढावी. कारण स्लाइडवर असतात ते केवळ मथळे, वक्त्याने जे तोंडी सांगितले ते कागदावर कोठेच नसते, आणि जो सभेस नव्हता त्याच्या हाती असे मथळे देणे म्हणजे विषयसूची देऊन ग्रंथ दिल्याचे समाधान मानणे होय. टिपा लिहिलेल्याच नसतील तर छपाईपूर्वी त्या लिहाव्यात. त्यास एक संध्याकाळ लागेल, पण सादरीकरण त्यानेच टिकाऊ होते.

ध्वनी आणि चित्रफिती कागदावर येत नाहीत. त्यांच्या जागी एक स्थिर चित्र किंवा काळी चौकट तेवढी उमटते. गायकीवरील सादरीकरणात तर ध्वनिमुद्रण हाच प्राण असतो. तेव्हा ज्या स्लाइडवर ध्वनिमुद्रण असेल तिच्यावर त्याचा क्यूआर कोड घालावा. क्रोममध्ये कोणत्याही पानाचा असा कोड तयार करण्याची सोय शेअरच्या सूचीतच मिळते. छापलेला कोड दोन सेंटीमीटरांहून लहान नसावा, आणि त्याच्या शेजारी गायकाचे नाव, राग व ताल अक्षरांत लिहावे, म्हणजे पुढेमागे तो दुवा नाहीसा झाला तरी शोधणाऱ्याच्या हाती काही धागा राहील.

आता दुकानाच्या दारात. पीडीएफ बरोबर असली तरी यंत्राच्या नेमणुका चुकू शकतात, म्हणून सर्व पृष्ठांचा हुकूम देण्यापूर्वी «भैया, पहले एक ही पन्ना निकालिए» असे सांगावे, आणि ते पहिले पृष्ठ नसून सर्वांत अवघड पृष्ठ असावे: ज्यावर स्वरलिपी आहे, किंवा जोडाक्षरे दाट आहेत, किंवा जुन्या कागदपत्राचे छायाचित्र आहे. आकाराच्या बाबतीत ‘फिट’ हा पर्याय निवडण्यास सांगावे, कारण बहुतेक यंत्रे कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत आणि ‘ॲक्चुअल साइज’मध्ये काठावरचा मजकूर कापला जातो. आडव्या स्लाइड दोन्ही बाजूंनी छापावयाच्या असतील तर कागद आखूड कडेवर उलटण्याची सूचना द्यावी. लांब कडेवर उलटला तर मागील प्रत्येक पृष्ठ उलटे येते. दोन्ही बाजूंनी छापताना 70 ग्रॅमचा कागद पारदर्शक ठरतो, तेथे 80 ग्रॅमचा घ्यावा. शिवणीसाठी डावीकडे समास हवा असेल तर तो पीडीएफ करतानाच सोडावा, दुकानात तो सोडता येत नाही.

दुकानाच्या संगणकावर आपले गूगल खाते उघडून तेथून छापणे शक्य तो टाळावे. पेन ड्राइव्ह न्यावा, अथवा दुकानाने छपाईसाठी ठेवलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर केवळ पीडीएफ पाठवावी. खाते उघडावेच लागले तर खाजगी खिडकीत उघडावे व निघण्यापूर्वी ते बंद केल्याची खात्री करून घ्यावी. पेन ड्राइव्हवरून पीडीएफ तेथील संगणकावर उतरविली गेली असेल तर ती डाउनलोडच्या फोल्डरातून आणि मग रिसायकल बिनमधूनही आपल्यासमक्ष पुसण्यास सांगावे. कुलवृत्तांत, मालमत्तेचे दस्तऐवज किंवा अप्रकाशित संशोधन असेल तेव्हा हे सांगताना संकोच करू नये. दुकानदार याचा राग मानीत नाहीत.